बिगरीचा वर्ग आणि कडेवरचें भावंड

शाळेच्या वार्षिकांत बहुधा वरच्या वर्गांचाच वृत्तांत येतो. शालान्त परीक्षेचा निकाल, वक्तृत्वाचीं बक्षिसें, कबड्डीचे सामने, स्नेहसंमेलन, हें सर्व छापण्यास योग्य आहे यांत शंका नाहीं. परंतु आज जे विद्यार्थी दहावीच्या बांकांवर बसतात, तेहि एके काळीं काखेंत पाटी धरून, कोणाच्या तरी बोटास धरून प्रथम शाळेंत आले होते. आणि त्या पहिल्या वर्गाविषयीं कोणीं चार ओळी लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून यंदाच्या अंकांत त्या वर्गाची हकीकत सांगावी असें आम्हीं योजिलें आहे. आमच्या आजोबांच्या पिढींत त्या वर्गास बिगरी म्हणत. नांव बदललें, पाटीची वही झाली, तरी त्या वर्गांतील कामाचें स्वरूप फारसें बदललेलें नाहीं.

तापीच्या दक्षिणेस पसरलेला आमचा शिंदखेडें तालुका मुख्यत्वें कापूस, ज्वारी व बाजरी पिकविणारा आहे. दोंडाइचें, नरडाणें यांसारखीं रेल्वेच्या रुळाजवळचीं मोठीं गांवें सोडलीं, तर बहुतेक खेडीं लहानच; आणि खेडें लहान म्हणजे शाळाहि लहान. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असें ठरविलें आहे. इयत्ता चार किंवा पांच आणि शिक्षक दोन, एवढा हिशेब मांडला म्हणजे एकाच खोलींत एकाहून अधिक वर्ग कां बसतात हें निराळें सांगावें लागत नाहीं. पहिली व दुसरी एका खोलींत बसतात. अंगणवाडी बहुधा त्याच आवारांत किंवा जवळपास असते, तेथें तीन ते सहा वर्षांचीं मुलें येतात. आणि थोरल्या बहिणीच्या मागून ओट्यापर्यंत येऊन दारांतून डोकावणारें, कोणत्याच पटावर नांव नसलेलें एखादें पोर तर प्रत्येक शाळेंत असतेंच. असा हा संमिश्र वयाचा बालवर्ग होय.

या वर्गाविषयीं पालकांची एक तक्रार आम्हीं अनेकदां ऐकली आहे. ते म्हणतात, "आमची मुलगी दुसरींत, तिच्या शेजारीं अंगठा चोखणारीं मुलें बसवितां, तर ती शिकणार केव्हां? मुलीस शिकावयास पाठवितों कीं दुसऱ्यांचीं पोरें सांभाळावयास?" ही तक्रार हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिचें उत्तर द्यावयाचें तर तो वर्ग दिवसभर कसा चालतो हें पाहिलें पाहिजे. आणि त्याच्याहि आधीं, ती मुलगी शाळेंत न येण्याचें खरें कारण कोणतें हें पाहिलें पाहिजे.

तें कारण आमच्या खानदेशांत शेतांत उभें असतें. दसऱ्याच्या सुमारास कापसाचीं बोंडें फुटूं लागतात आणि पुढें दोन-तीन महिने वेचणी चालते. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. जी बाई दिवसभरांत अधिक वेचील तिला अधिक पैसे. जी मध्येंच मूल घेऊन बांधावर बसेल तिचें तितकें नुकसान. अंगणवाडींत तीन वर्षांखालील मुलांना घरीं न्यावयाचा आहार मिळतो, परंतु त्यांना दिवसभर सांभाळण्याची सोय सहसा नसते. मग आई काय करील? घरांत सात-आठ वर्षांची मुलगी असेल तर तिला सांगेल, "आज शाळा राहूं दे, बाळाकडे बघ." तो 'आज' पुढें पौषापर्यंत लांबतो. मुलगी परत शाळेंत येते तेव्हां वर्ग जोडाक्षरांपर्यंत गेलेला असतो, आणि तिला काना-मात्रेचाहि विसर पडलेला असतो. आळस, शाळेची नावड, आईबापांचें अज्ञान, अशीं कारणें आपण सुशिक्षित लोक सांगत असतों; परंतु पुष्कळ वेळां खरें कारण कडेवर बसलेलें असतें.

ही अडचण आपल्याच महाराष्ट्रांत दोन स्त्रियांनीं फार पूर्वीं ओळखली होती. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालशिक्षणाचें कार्य केलें, आणि १९२६ सालीं त्या दोघांच्या पुढाकारानें नूतन बालशिक्षण संघ निघाला. मॅडम मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. परंतु त्या पद्धतीचीं साधनें महाग, आणि शाळा शहरांतील खाऊनपिऊन सुखी घरांच्या. हें ताराबाईंना रुचलें नाहीं. १९४५ सालीं त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ यांना बालपणींच वैधव्य आलें होतें. पुण्यांतील शिक्षिकेचें काम सोडून त्या ताराबाईंना येऊन मिळाल्या. सकाळीं वस्तींत फिरून मुलें गोळा करावयाचीं, त्यांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, आणि मग शाळा. मुलें शाळेंत येत नाहींत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणांत नेऊं, या विचारांतून अंगणवाडी निघाली. आज देशभर जें नांव घरोघरीं ठाऊक आहे, आणि १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेनें जें उचललें, त्याचा उगम तो आहे.

पुढें १९५७ च्या सुमारास हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वस्ती वारली लोकांची. मुलें गुरें राखावयास जात, आणि मुली धाकटीं भावंडें राखीत. गुरें राखणाऱ्यांसाठीं शिक्षकच कुरणांत गेले. तिला कुरणशाळा म्हणत. भावंडें राखणाऱ्यांसाठीं जी युक्ति निघाली ती आमच्या विषयाशीं अगदीं लागून आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच आवारांत आणिलीं व तिला विकासवाडी असें नांव दिलें. मुलगी तान्ह्या भावास घेऊन आली कीं तो पाळणाघरांत, मधला बालवाडींत, आणि ती स्वतः पहिली-दुसरींत. भावंड सांभाळावयाचें आहे ही सबब मोडून न काढतां त्या भावंडासहच तिला आंत घेतलें. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंना १९८५ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु आमच्या मतें त्या दोघींचें सर्वांत मोठें काम म्हणजे हें एक साधें दार उघडणें होय.

मिशन शाळेच्या वार्षिकांत एका पाद्र्याची आठवण काढल्यास अप्रस्तुत होणार नाहीं. योहान फ्रीड्रिख ओबर्लिन हे १७६७ सालीं फ्रान्सच्या पूर्वेकडील व्होज पर्वतांतील एका दरिद्री खोऱ्यांत धर्मोपदेशक म्हणून आले. आईबाप शेतावर, आणि लहान मुलें दिवसभर मोकाट, हीच स्थिति तेथेंहि होती. सारा बांझे नांवाची एक शेतकऱ्याची मुलगी आपल्या घरीं शेजारचीं मुलें जमवून त्यांना विणकाम शिकवीत असे. ओबर्लिन यांनीं तिचें काम पाहिलें आणि त्याचाच विस्तार करून गांवोगांव अशा शाळा काढल्या. मोठीं मुलें सुया घेऊन विणावयास बसत, लहान मुलें भोंवतीं खेळत, आणि बाई त्यांना चित्रें व वनस्पति दाखवून त्यांचीं नांवें सांगे. तीं नांवें फ्रेंच भाषेंत सांगत, कारण त्या खोऱ्यांतील लोकांची बोली निराळी होती आणि पुढच्या शाळेंत फ्रेंच लागे. साराच्या मागून लुईझ शेप्लर हिनें हें काम आयुष्यभर चालविलें. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला मोठें पारितोषिक दिलें. तिकडे स्कॉटलंडमध्यें न्यू लॅनार्क येथील गिरणीचे चालक रॉबर्ट ओवेन यांनीं १८१६ सालीं गिरणींतील कामगारांच्या मुलांसाठीं बालशाळा उघडली. मूल चालावयास लागलें कीं त्याला तेथें घेत. शिक्षक कोण, तर एक विणकर आणि एक सतरा वर्षांची मुलगी. त्यांना मालकाची आज्ञा एवढीच कीं मुलांस मारूं नये, रागें भरूं नये. ती गिरणी सुताची होती. कापूस वेचणाऱ्या आया आणि कापूस कांतणाऱ्या आया यांचा प्रश्न एकच, हें पाहून आम्हांस थोडें आश्चर्य वाटलें.

आतां आमच्याकडील वर्गाचा दिवस पाहूं. तालुक्यांतील एका लहान शाळेंत आम्ही कांहीं दिवस जाऊन बसलों. त्या शाळेच्या बाईंनीं ओट्यावरचें पोर हांकलून न देतां आंत घेण्याचें ठरविलें होतें, आणि शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंशीं त्यांचें चांगलें जमलें होतें. जें पाहिलें तें सांगतों.

मुलें आलीं कीं प्रथम टांकीजवळ हातपाय धुतात. मग दारांतील ताटाकडे जातात. या ताटांत नदींतले गुळगुळीत खडे असतात. प्रत्येक मुलाचा खडा ठरलेला. कोणावर मासा, कोणावर पान, कोणावर बैलगाडीचें चाक रंगविलेलें. आपला खडा उचलून शेजारच्या परातींत टाकावयाचा, म्हणजे हजेरी झाली. सर्व आलीं कीं ताटांत उरलेले खडे मोजतात. ते घरीं राहिलेल्यांचे. तीन वर्षांचें मूल 'खूप उरले' म्हणतें, पांच वर्षांचें बोट लावून मोजतें, आणि दुसरींतलें मूल पटांतून वजा करून सांगतें. एका ताटांत तीन वयांचा धडा एकदम होतो, आणि कोणास वेगळें बसवावें लागत नाहीं. वेचणीच्या दिवसांत मात्र त्या ताटाकडे पाहवत नाहीं, इतके खडे उरतात.

प्रार्थना व राष्ट्रगीत झालें कीं सर्व मुलें गोल करून सतरंजीवर बसतात आणि गप्पा होतात. या गप्पांना वेळापत्रकांत विषय म्हणून स्थान आहे हें प्रथम आम्हांस नवल वाटलें. नंतर त्याचें महत्त्व कळलें. आमच्या मुलांची घरची भाषा अहिराणी. त्यांना तहान लागली तर 'माले पानी दे' म्हणतात, 'मला' म्हणत नाहींत. बसावयास सांगणें म्हणजे 'बठ', आणि आहे म्हणजे 'शे'. भिल्ल वस्तींतून येणाऱ्या मुलांची बोली आणखी निराळी. पुस्तकांतील मराठी त्यांना परक्या गांवच्या पाहुण्यासारखी वाटते. पूर्वीं अशा मुलास 'शुद्ध बोल' म्हणून दटावीत, आणि तें मूल शुद्ध बोलण्याऐवजीं मुळींच बोलेनासें होई. या बाई तसें करीत नाहींत. लहान मूल अहिराणींत सांगतें, बाई ऐकून घेतात, आणि शेजारचें दुसरींतलें मूल तेंच पुस्तकी मराठींत पुन्हां सांगतें. दुभाष्याचें हें काम त्या मुलास फार आवडतें. त्याला दोन्ही भाषांतील फरक उमगतो. धाकट्याला आपलें म्हणणें कोणास तरी कळलें याचा आनंद होतो, आणि मराठी शब्दहि कानावर पडतो. ओबर्लिन यांच्या खोऱ्यांत जें काम एका बाईस करावें लागे, तें येथें दहा मुलें करतात. शिक्षक परगांवचे असले व त्यांना अहिराणी येत नसली तर हीं दुभाषी मुलें त्यांच्याहि उपयोगीं पडतात, हें सांगावयास नकोच.

गप्पांनंतर वर्गाचे तीन गट होतात. एक गट बाईंजवळ वाचावयास बसतो. दुसरा एकटा लिहितो. तिसरा वस्तूंशीं खेळतो. थोड्या वेळानें गट बदलतात. एक गट वाचीत असतां दुसरे दोन गप्प कसे राहतात, असें कोणी विचारील. अगदीं गप्प राहत नाहींत. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभें राहिल्यासारखा आवाज सतत असतो. परंतु गोंधळ होत नाहीं, आणि त्याचें कारण धाक नव्हे, ठरलेला क्रम हें आहे. लहान मुलास घड्याळ कळत नाहीं. कशानंतर काय येतें एवढेंच कळतें. धुणें, खडा, गप्पा, वाचन, जेवण, झोंप, गोष्ट, घर, ही सांखळी रोज तीच असली म्हणजे मूल पुढच्या कडीची वाट पाहतें आणि स्वस्थ होतें. क्रम बदलला कीं रडारड सुरू. एके दिवशीं आम्हांस दाखविण्याच्या उत्साहानें बाईंनीं गोष्ट जेवणापूर्वीं घेतली, तर चार मुलें दप्तर घेऊन घरीं निघालीं! गोष्ट झाली म्हणजे घरीं जावयाचें, हें त्यांचें घड्याळ होतें.

वस्तु म्हणजे विकत आणलेल्या नव्हेत. चिंचोके, सागरगोटे, मक्याचीं कणसें, आणि मुख्य म्हणजे वाळलेल्या पऱ्हाटीच्या सारख्या कापलेल्या काड्या. कोसबाडासहि ताराबाई-अनुताईंनीं महाग साधनांच्या जागीं पानें, बिया, खडे, शिंपले हेच वापरले होते. येथें दोन गोष्टी पालकांनीं ध्यानांत ठेवाव्यात. पेरणीच्या पाकिटांतील कपाशीच्या बियांस औषध लावलेलें असतें. तें बीं मुलांच्या हातीं कदापि देऊं नये. आणि तीन वर्षांखालील मुलांजवळ चिंचोक्यासारखी लहान वस्तु ठेवूं नये, कारण तीं ती नाकांत घालतात. त्यांना कणसें द्यावींत.

पऱ्हाटीच्या काड्यांचा उपयोग पाहण्यासारखा आहे. दहा काड्यांची एक जुडी, दोऱ्यानें बांधलेली, बाकीच्या सुट्या. आपल्या मराठींत अंक बोलावयाची रीत अशी कीं पंचवीस म्हणतांना पांच आधीं येतात व वीस मागून. लिहितांना मात्र २ आधीं आणि ५ मागून. म्हणून पंचवीस लिही म्हटलें कीं पहिलीचें मूल ५२ लिहितें. पालक डोक्यास हात लावतात. परंतु तें मूल मठ्ठ नव्हे. कानानें जें ऐकलें तेंच हातानें लिहिलें. एकोणतीसाची गोष्ट तर याहून बिकट. नांवांत तीस आहेत, आणि संख्या तिसांत एक उणी! २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस पांच' अशी बोलण्याची रीत सुचविली गेली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद झाला तो वाचकांस स्मरत असेल. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. काड्यांच्या जुड्या मात्र कोणत्याहि पक्षाच्या नाहींत. दोन जुड्या आणि पांच सुट्या काड्या समोर ठेविल्या कीं पंचवीस हा दोन दहांचा व पांच एकांचा, हें डोळ्यांना दिसतें.

आणि येथेंच थोरल्या मुलाच्या शिकण्याची गोम आहे. दुसरींतील एक मुलगा पहिलीच्या मुलास एकोणतीस करून दाखवीत होता. त्यानें ऐटीनें तीन जुड्या मांडल्या, वर नऊ काड्या ठेविल्या. धाकट्यानें सर्व काड्या मोजल्या आणि म्हणाला, "हे तर तिसाच्या पुढें गेले." थोरला थबकला. त्यानें जुड्या मोडल्या, पुन्हां बांधल्या, आणि आपल्याशींच पुटपुटत एक जुडी काढून घेतली. बाई पाहत होत्या, पण बोलल्या नाहींत. हा मुलगा एकोणतीस कित्येकदां वहींत बरोबर लिहीत असे. पण तें पाठ होतें, समजलेलें नव्हतें, हें धाकट्यास शिकवितांना उघडकीस आलें. आपल्यास काय येत नाहीं हें कळण्याचा याहून सौम्य मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं. परीक्षेंत तें कळतें तेव्हां लाज वाटते. येथें फक्त जुडी सुटते.

मुलानें मुलास शिकविणें ही कांहीं आजची कल्पना नव्हे. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवीत, आणि वरचा मुलगा खालच्यास घोकवून घेई. मद्रासेस अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. त्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें लिहितांना पाहिलीं. ती रीत त्यांनीं आपल्या शाळेंत आणिली, आणि शिक्षक ऐकेनात म्हणून मोठ्या मुलांकडूनच लहानांना शिकविलें. १७९७ सालीं लंडनमध्यें त्यांनीं त्यावर पुस्तक छापलें, आणि ती मद्रास पद्धति म्हणून विलायतेंत गाजली. जोसेफ लँकेस्टर यांनीं त्याच सुमारास लंडनांत तसाच प्रयोग केला. थोड्या खर्चांत शेंकडों मुलें शिकूं लागलीं खरीं. परंतु त्या शाळा पुढें कवायतीच्या मैदानासारख्या झाल्या. मोठा मुलगा पाठ म्हणवून घेणारा हवालदार, लहान मुलगा पाठ म्हणणारा शिपाई. समजण्या-न समजण्याची चौकशी कोणी करीना. पालकांच्या तक्रारींत जें तथ्य आहे तें हेंच. थोरल्यास धाकट्यांचा बिनपगारी शिक्षक केला तर दोघांचेंहि नुकसान होतें.

म्हणून या वर्गांत कांहीं नियम कटाक्षानें पाळतात. थोरलें मूल धाकट्याजवळ एका वेळीं पाव तासाहून अधिक बसत नाहीं. पाळी रोज बदलते. स्वतःच्या भावंडाजवळ कोणास बसवीत नाहींत. घरीं तें आहेच. आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा नियम, म्हणजे मुलग्यांचीहि पाळी असते. पहिल्या दिवशीं मुलगे हंसले. शेंबूड पुसणें हें मुलींचें काम अशी त्यांची समजूत होती. आतां त्यांतील एकास इतका गुण आला आहे कीं रडणारें मूल बाईंपेक्षां त्याच्याजवळ लवकर उगी राहतें.

दुपारीं जेवण. शाळेंतील आहाराची योजना १९९५ सालीं सुरू झाली तेव्हां धान्य घरीं देत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजविलेलें अन्न शाळेंतच मिळूं लागलें. गरम भांडीं मोठीं माणसेंच उचलतात. मुलांनीं ताटल्या मोजून मांडावयाच्या आणि धाकट्यांच्या हातांवर पाणी घालावयाचें. जेवणानंतर लहान मुलें सतरंजीवर निजतात. दिवसांतील हा तास फार मोलाचा आहे. खोलीच्या एका अंगास धाकटीं निजलेलीं. दुसऱ्या अंगास दुसरीचीं मुलें व बाई, अगदीं जवळ जवळ बसून, हलक्या आवाजांत वाचीत आहेत. मोठ्या वर्गांत मुलाच्या वांट्यास वाचावयास एखादी ओळ येते. येथें प्रत्येकास पानभर वाचावयास मिळतें, आणि अडलेलें अक्षर तिथल्या तिथें सुटतें. 'आमची मुलगी शिकणार केव्हां' या प्रश्नाचें उत्तर हा तास आहे. ज्या पालकांना शंका असेल त्यांनीं जेवणानंतर एकदां शाळेच्या खिडकीशीं उभें राहून पाहावें. मात्र चपला बाहेर काढून, म्हणजे निजलेलीं उठणार नाहींत.

सर्वच ठीक आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. खोली लहान आहे. एकास खोकला झाला कीं आठवड्यांत सर्वांस होतो. निवडणूक किंवा जनगणना आली कीं शिक्षकांना तें काम येतें, आणि मग दोन शिक्षकांच्या शाळेंत एकच उरतो. अशा दिवशीं हा वर्ग मोडतो, कारण तो सगळा क्रमावर उभा आहे, आणि क्रम राखणारें माणूसच नसतें. तीन वर्षांखालील मुलांना तर शाळेनें केवळ मायेनें आंत घेतलें आहे. त्यांच्यासाठीं ना पट, ना आहार, ना माणूस. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा धरला, हें योग्यच झालें; परंतु दोन वर्षांचें मूल त्या टप्प्याच्याहि बाहेर राहतें, आणि थोरल्या बहिणीस घरीं बसविणारें मूल तेंच असतें.

या अडचणीवर त्या गांवानें जो उपाय काढला तो सांगून हा लेख संपवितों. गेल्या वेचणीच्या आधीं बाईंनीं गांवांतील आयांना शाळेंत बोलाविलें. व्याख्यान दिलें नाहीं. हजेरीचें ताट समोर ठेविलें, आणि आदल्या वर्षीं वेचणीच्या दिवसांत कोणाकोणाचे खडे त्यांत पडून राहिले होते ते एकेक उचलून दाखविले. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक आजीबाई म्हणाल्या कीं, "आतां आमच्यानें वांकून कापूस वेचवत नाहीं, घरीं नुसत्या बसून असतों, तर इथें येऊन बसूं." ठरलें असें कीं वेचणी चालेल तोंवर रोज दोन आज्यांनीं पाळीनें शाळेच्या ओट्यावर बसावें, आणि ज्यांचे पट नाहींत अशीं पोरें त्यांच्याजवळ राहावींत. आयांनीं सकाळीं शेतावर जातांना भाकरीचा एक तुकडा त्या पोराच्या फडक्यांत बांधून द्यावा. आज्या अहिराणींत गाणीं म्हणतात, गोष्टी सांगतात. आणि मधल्या सुटींत पहिली-दुसरीचीं मुलेंहि तेथेंच जाऊन बसतात.

त्या मुलींपैकीं एक यंदा तिसरींत गेली. तिचा भाऊ आतां अडीच वर्षांचा आहे. त्याचें नांव अजून कोणत्याच पटावर नाहीं, पण ताटांत त्याचा खडा आहे. बहिणीनें स्वतः नदींतून आणून ठेवलेला. त्यावर चित्र काढलेलें नाहीं. कोणतें चित्र हवें असें बाईंनीं त्याला विचारलें, तेव्हां त्यानें खडा तोंडांत घातला. म्हणून सध्यां तो तसाच आहे, आणि बहीण रोज सकाळीं आपला खडा परातींत टाकतांना त्याचाहि टाकते.